किल्ली परत द्यायची की ठेवायची?

प्रिय आबा,
सप्रेम नमस्कार. मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावची सून. वय चौतीस. बारावीनंतर ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र कोर्स केला होता, म्हणून सहा वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे आली. वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. एक खोली, पाच कपाटं, एक लांब टेबल, दोन बाकडी, चार पेपर. पगार महिन्याला दोन हजार, तोही अनुदानाचा हप्ता आला की. मागच्या वर्षीचा दुसरा हप्ता उशिरा आला आणि कमी आला. या वर्षीच्या हप्त्याचा अजून पत्ता नाही. पेपरवाल्याची उधारी माझ्या नावावर चालली आहे. घरचे म्हणतात, कापूस वेचायला गेलीस तर एवढे आठवड्यात येतील. सासूबाई तर रोज विचारतात, "पुस्तक वाचीसनी चूल पेटस का?"

आता आमचे अध्यक्ष, जे नात्याने माझे चुलत सासरेच, म्हणतात की हल्ली सगळं मोबाईलवर आहे, वाचनालय बंद करू. खोली कृषी केंद्राला भाड्याने दिली तर महिन्याला तीन हजार येतील, त्यातून मंदिराचं रंगकाम होईल. परवा म्हणाले, "सूनबाई, पंधरा दिवसांत किल्ली आणून द्या." मी द्यावी का? की नात्यात वाकडेपणा घेऊन लढावं? आणि लढायचं तर कशासाठी, हेही मला नीट सांगता येत नाही. जाता जाता अजून एक, कपाटाच्या तळच्या फळीला वाळवी लागली आहे. काय करू?
— एक ग्रंथपाल, शिंदखेडा तालुका

ताई, नमस्कार.

किल्लीचं नंतर बघू. मी अडलो ते "लढायचं तर कशासाठी, हेही मला नीट सांगता येत नाही" या ओळीवर. वाचनालयांवर बोलणारे मी आयुष्यभर ऐकले, त्यात स्वतःलाही ऐकलं. आम्ही मंडळी ग्रंथोत्सवात शाल-नारळ घेतो, वाचन संस्कृती कशी लयाला चालली ते सांगतो आणि जेवून घरी येतो. कशासाठी, हा प्रश्न आम्हाला पडत नाही, कारण किल्ली आमच्या हातात नसते.

आधी सासूबाई. त्यांचा हिशेब बरोबर आहे, तो उडवून लावू नका. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला सरकार वर्षाला ४८,००० रुपये देतं. आधी ३०,००० होते, २०२२ साली ६० टक्के वाढ झाली तेव्हा एवढे झाले. त्यातले निम्मे पगारावर आणि निम्मे बाकीच्या खर्चावर. म्हणजे २४,००० भागिले बारा, तुमचे दोन हजार. उरलेल्या २४,००० मध्ये पेपर, वीजबिल, ऑडिट, झाडू, खडू आणि हो, पुस्तकंही. मंजूर झालेलं सगळं वेळेवर आलं, तरी हे असं. उशिरा आणि कापून आलं तर काय होतं ते तुम्ही मला सांगितलंच आहे, पेपरवाल्याची उधारी.

सासूबाईंना एवढंच दिसतं की सून रोज तीन-चार तास घराबाहेर असते आणि घरात काही येत नाही. त्यांना पुस्तकांचं महत्त्व सांगायला जाऊ नका. सांगायचंच असेल तर म्हणा, "आई, तुमचं बरोबर आहे, दोन हजारांत हे परवडत नाही. मी त्याचंच काहीतरी करतेय." सहा वर्षांत हे वाक्य तुमच्या तोंडून गावात कुणीच ऐकलं नसणार. गावाला वाटतं, बाईला आवड आहे, वेळ जातो तिचा. बाई करते ती सेवा आणि बाप्या करतो ते काम, हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. वाचनालयाच्या खुर्चीत पुरुष असता तर त्याने पहिल्याच वर्षी किल्ली टेबलावर आपटली असती.

आता कशासाठी, ते.

मागच्या मे महिन्यात तापीकाठच्या एका गावी लग्नाला गेलो होतो. पंगत उठली, दुपारचे दोन वाजले, मांडवात बसवेना. समोर वाचनालयाची पाटी दिसली म्हणून आत शिरलो. खिडकीला ओलं गोणपाट लावलेलं, कोपऱ्यात माठ, डोक्यावर पंखा टकटक करत फिरतोय. टेबलाला चार मुली. पोलीस भरतीचा अभ्यास. एकीच्या पुढ्यात मागच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका होती, कुणीतरी झेरॉक्स करून आणलेली. ती उत्तरं शिसपेन्सिलीने लिहायची, तपासायची आणि मग सगळं रबराने खोडायची, कारण तिच्यानंतर दुसरी सोडवणार होती. खोडून खोडून तो कागद पापडासारखा पातळ झाला होता. उजेडासमोर धरला तर पलीकडचं दिसावं.

मी विचारलं, घरी का नाही करत गं अभ्यास? ती म्हणाली, "घरी बसले की आई भांड्याला लावते. इथे बसले की म्हणते, पोरगी वाचनालयात गेलीय."

दुसऱ्या टोकाला दोन म्हातारे. एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. दुसरा त्याला दोंडाईच्याचा मिरचीचा भाव वाचून दाखवत होता. भाव संपला तसा चष्मेवाला म्हणाला, "आते सांग, आज कोन गया?" मग निधनवार्ता सुरू झाल्या. मुली हसल्या, पण आवाज न करता. तिथे एक शिस्त होती, कुणी लिहून न लावलेली.

ताई, "पोरगी वाचनालयात गेलीय" हे वाक्य आईला शेजारणीपुढे बोलता येतं. पोरगी पारावर बसलीय, असं बोलता येत नाही. तुमच्या गावात मोजून बघा. पार म्हाताऱ्यांचा, मंदिराचा ओटा पोरांचा, पानटपरी रिकामटेकड्यांची, दूध डेअरीसमोरची जागा पुढाऱ्यांची. सोळा ते पंचवीस वयाच्या मुलीने घर, शेत आणि विहीर सोडून तीन तास कुठे बसायचं? गावात अशी एकच खोली आहे, आणि आईबाप तिथे पाठवतात कारण तिची किल्ली एका बाईच्या कमरेला आहे. पुस्तकं दुय्यम आहेत असं म्हणत नाही. पण तुमच्या खोलीची पहिली किंमत तिथल्या बाकड्यात आहे, कपाटं नंतर.

आणि मोबाईल. अध्यक्षांना विचारा, घरात मोबाईल किती आणि सकाळी नऊला ते कुठे असतात? बापाबरोबर शेतात आणि पोराबरोबर दोंडाईच्याला. पोरीच्या वाट्याला येतो रात्री दहाला, चार्जिंग संपलेला. पीक पाहणीची नोंद मोबाईलवर, विमा मोबाईलवर, 'लाडकी बहीण'चे अर्ज मोबाईलवर. २०२४ च्या पावसाळ्यात त्या अर्जांसाठी तुमच्या दारात रांग लागली होती की नाही? तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मी पैज लावतो की लागली होती. आणि पैज जिंकलो तर हेही सांगा की ते अर्ज तुम्ही कुठल्या रजिस्टरात लिहिले.

कुठल्याच नाही ना?

तुमचं खरं दुखणं इथे आहे. यावर मी बोलू शकतो, कारण या बाबतीत मी गुन्हेगार आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी माझ्या गावच्या वाचनालयाचा सचिव होतो. तपासणीच्या आदल्या रात्री शेजारच्या गावच्या वाचनालयातून बैलगाडीभर पुस्तकं आणली, कपाटात लावली, संध्याकाळी परत पाठवली. पुढच्या आठवड्यात तीच गाडी, आमची पुस्तकं घेऊन, त्यांच्याकडे. देवघेव रजिस्टर मी आणि माझा मित्र एका बैठकीत भरायचो. तो डाव्या हाताने सह्या करायचा, म्हणजे अक्षर वेगळं दिसावं. आम्हाला वाटायचं, सरकारला फसवतोय, गावाचं भलं करतोय. २०१२ साली राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली आणि अशी कितीतरी पोकळ वाचनालयं उघडी पडली, तोवर आमचं कधीच बंद पडलं होतं. बंद पडलं तेव्हा गावात कुणाला कळलंही नाही. रजिस्टरात दोनशे वाचक होते, दारात एक आला नाही.

तुमची गोष्ट उलटी आहे. दारात माणसं आहेत, रजिस्टरात नाहीत. सरकारी रजिस्टरात पुस्तक नेलं-आणलं एवढंच मावतं. अर्ज भरून घेणारी म्हातारी मावत नाही, पेपर ऐकणारा मावत नाही, प्रश्नपत्रिका खोडणारी पोरगी मावत नाही. तर उद्यापासून एक साधी दोनशे पानी वही करा. तारीख, नाव, कशाला आले, किती वेळ बसले. काहीही फुगवू नका. ज्या दिवशी कुणी आलं नाही, त्या दिवशी 'कोणी नाही' लिहा. अशा चार-पाच नोंदी असल्या की बाकीची वही खरी आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. पंधरा दिवसांची मुदत आहे ना? मग पंधरा दिवसांची वही.

चुलत सासऱ्यांकडे जाताना ही वही आणि एक गणित घेऊन जा. कृषी केंद्राचं भाडं महिन्याला ३,०००, म्हणजे वर्षाला ३६,०००. वाचनालयाचं मंजूर अनुदान ४८,०००. छत्तीस हजारांसाठी अठ्ठेचाळीस हजारांवर पाणी सोडायचा व्यवहार कुठल्या शेतकऱ्याला पटेल? ते म्हणतील, अनुदान येतंय कुठे. बरोबर आहे, अडखळत येतं. पण मान्यता एकदा गेली की अडखळतसुद्धा येणार नाही. २०१२ च्या सुमारास नव्या वाचनालयांना मान्यता देणं थांबलं, दर्जावाढही वर्षानुवर्षं अडकली. त्यामुळे ज्यांच्याकडे 'ड' का होईना मान्यता आहे, त्यांनी ती अशी मंदिराच्या रंगासाठी सोडू नये. मंदिराला गावात देणारे भरपूर असतात, वाचनालयाच्या नावाने पावती फाडायला कुणी पुढे येत नाही.

दुसरी गोष्ट, ही खोली एकट्या अध्यक्षांची नाही. वाचनालय नोंदलेली संस्था असणार, धर्मादाय कार्यालयात तिचा कागद असणार. तो आधी काढा. कार्यकारिणीची सभा, नोटीस, ठराव, इतिवृत्त हे झाल्याशिवाय बंद करणं म्हणजे नुसतं कुलूप बदलणं. खोली संस्थेच्या नावावर असेल तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ग्रामपंचायतीच्या जागेवर असेल तर ती भाड्याने द्यायचा अधिकार अध्यक्षांना कुणी दिला, हा प्रश्न सरपंचच विचारतील. हे सगळं तुम्ही त्यांना धमकी म्हणून ऐकवू नका. "मामंजी, पुढे कुणी तक्रार केली तर सही तुमची राहील" एवढंच म्हणा. म्हातारा माणूस कायद्याला भीत नाही, पण आपल्या सहीला भितो.

आता पैसा. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण "सरकारने द्यावं" आणि "गावाने द्यावं" यात आपली फार गल्लत होते.

खानदेशात वाचनालयं सरकारने काढली नाहीत. जळगावचं व. वा. (वल्लभदास वालजी) वाचनालय १८७७ सालचं. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला वारले, त्यांची दप्तरं उघड्यावर पडू नयेत म्हणून इथल्या लोकांनी १९२७ मध्ये संशोधन मंडळ उभं केलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडं गोळा करून वाग्देवता मंदिर उभारलं. हे सगळं वर्गणीवर, देणग्यांवर, कुणाच्या तरी पायपिटीवर. १९६७ साली महाराष्ट्राने ग्रंथालयांचा कायदा केला तेव्हा हीच घडी कायम ठेवली: वाचनालय लोकांनी काढायचं, चालवायचं आणि सरकारने अनुदानाचा हात द्यायचा. मद्रासने १९४८ सालीच कायदा करून घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला होता, म्हणजे लोक कर भरतात आणि त्यातला ठरलेला वाटा ग्रंथालयाला जातो. आपल्या कायद्यात असा उपकर नाही. त्यामुळे आपलं वाचनालय दरवर्षी बजेटच्या दारात उभं राहतं आणि कात्री लागायची झाली की आधी त्याच्याच झोळीला लागते. ओरडणारं कुणी नसतं. एसटी बंद झाली तर गाव रस्त्यावर येतं.

म्हणून मागणी दोन ठिकाणी करायची. एक ग्रामसभेत. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी दिली, त्यात विसावा विषय 'ग्रंथालये' आहे. गटार आणि पेव्हर ब्लॉक यांच्यापुढे ग्रामपंचायतीला तो आठवत नाही, पण आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा होतो तेव्हा त्यात वाचनालयाचं वीजबिल आणि पेपरबिल घालायला सांगा. एवढंच मागा. इमारत मागू नका. आमदार-खासदार निधीतून खोल्या होतात, 'भव्य अभ्यासिका' अशी पाटी लागते, फीत कापली जाते आणि तिसऱ्या महिन्यात वीज तोडली जाते. महिन्याचं बिल भरणारा निधी कुणाकडेच नसतो. पुस्तकांसाठी कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, १९७२ पासून, त्यांच्या योजनांतून ग्रंथ मिळतात. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे त्याची चौकशी करा. पण तुमची आजची अडचण पुस्तकांची नाही.

दुसरी मागणी गावाकडे. आणि तिला मुहूर्त आहे, आखाजी, म्हणजे आपली खानदेशी अक्षय्य तृतीया.

आखाजीला अजून अडीच महिने आहेत. झोके बांधले जातील, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतील, सुरतला मिलमध्ये असलेले, पुण्याला कंपनीत असलेले, नाशिकला रिक्षा चालवणारे, सगळे एकदा गावात दिसतात ते तेव्हाच. तुमच्या टेबलाला बसून कुणीतरी तलाठी झालं असेल, कुणी नर्स, कुणी शिपाई. सहा वर्षांत एकही नाही असं होणार नाही. नसेल, तर तसंही मला कळवा, मी खोटं बोलणार नाही तुमच्याशी. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या सगळ्यांना खोलीत बोलवा. भाषण ठेवू नका, पाहुणा बोलावू नका, आमरस असतोच घरोघरी तेव्हा चहाचाही खर्च करू नका. ती वही वाचून दाखवा. 'सोमवार : नऊ जण. मंगळवार : चौदा. बुधवार : कोणी नाही, गावात अंत्ययात्रा होती.' आणि मग कागदावर लिहिलेला महिन्याचा खर्च. त्यात पहिल्याच ओळीला लिहा : ग्रंथपालाचं मानधन. शेवटी लिहू नका, लाजूही नका. लोक पुस्तकाला पैसे देतात, कपाटावर नाव घालून देत असाल तर कपाटालाही देतात. माणसाला द्यायचं म्हटलं की त्यांना घरी काम आठवतं. म्हणून ते आधी सांगायचं.

तीस माणसांनी महिन्याला १०० रुपये दिले तर ३,००० होतात. बघा, कृषी केंद्राचं भाडं एवढंच. त्यातले दोन हजार तुमच्या मानधनात वाढवून घ्यायचे, एक हजार पेपर आणि वीज. पावती प्रत्येकाला. दर महिन्याच्या एक तारखेला हिशेबाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये. ज्याने दोन महिने दिले नाहीत त्याचं नाव लिहू नका, ज्याने दिले त्याचं लिहा. आपल्याकडे एवढं पुरतं.

जुनी पुस्तकं देतो म्हणणाऱ्यांना मात्र हात जोडा. रद्दीवाल्याने घेतले नाहीत असे दिवाळी अंक आणि दहा वर्षांपूर्वीची गाईडं ते तुमच्या दारात आणून टाकतील आणि वर फोटो काढतील.

अजून एक करता आलं तर. आखाजीच्या दिवसांत म्हाताऱ्या बाया झोक्यावर जी अहिराणी गाणी म्हणतात, ती त्या चार-पाच पोरींना लिहून घ्यायला लावा, एका वहीत, वाचनालयाच्या शिक्क्यासह. पैसे यातून येणार नाहीत. पण तुमच्या सासूबाईंना किती गाणी येतात, तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांना खुर्ची द्या, पंख्याखाली बसवा आणि एखाद्या पोरीला त्यांच्यासमोर वही उघडून बसू द्या. चूल पेटस का, हा प्रश्न त्यानंतरही त्या विचारतील. पण विचारतील त्याच खुर्चीत बसून.

चुलत सासऱ्यांचं. लढू नका. त्यांना चहाला बोलवा, पण घरी नको, वाचनालयात बोलवा, संध्याकाळी साडेचारला, मुली टेबलाला असतात त्या वेळी. ते गेल्या कितीतरी महिन्यांत तिथे आलेले नसणार. अध्यक्ष सहसा पंधरा ऑगस्टला येतात. वही त्यांच्या पुढ्यात ठेवा, ३६ आणि ४८ हजारांचं गणित सांगा आणि आखाजीपर्यंतची मुदत मागा. "तेव्हा तीस नावं झाली नाहीत तर मी स्वतः किल्ली आणून देईन" असं म्हणा. त्यांना हा सौदा परवडतो, कारण त्यांना काहीच नाकारावं लागत नाही.

आणि हे मी खरंच म्हणतोय, ताई. तीस नावं झाली नाहीत तर किल्ली द्या. कापसाच्या हंगामात कापूस वेचायला जा, वर्षभराची घडी बसेल असं काम शोधा. जमलं तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून आधी साधी पदवी आणि मग ग्रंथालयशास्त्राची पदवी करून घ्या, शाळा-कॉलेजांत कधी जागा निघाली तर हातात कागद असेल. गावाला जे नको आहे ते एकट्या सुनेने दोन हजारांत आणि पेपरवाल्याच्या उधारीवर किती वर्षं ओढायचं? त्यात पुण्य नाही. मात्र द्यायची वेळ आली तर नुसती किल्ली देऊ नका. दाखल नोंदवहीप्रमाणे पुस्तकं मोजून, दोन साक्षीदार ठेवून, लेखी ताबा द्या आणि पोच घ्या. नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी म्हणेल, चांगली पुस्तकं तर सूनबाईच घेऊन गेली. आणि पेपरवाल्याची उधारी संस्थेच्या नावावर लिहून घ्या, आजच. तीस नावं होवोत न होवोत.

वाळवीचं राहिलंच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ती भिंत आणि फरशीच्या सांध्यातून चढते. तळची फळी पूर्ण रिकामी करा. पुस्तकं अंगणात नेऊन एकेक झटका, पानं वाऱ्यावर उलगडून बघा, पण कडक उन्हात पसरून ठेवू नका, बांधणी उलते. चांगली आणि खाल्लेली वेगळी करा, खाल्लेली पुन्हा त्या कपाटात जाता कामा नयेत. सांध्यातली मातीची नळी खरवडून काढा आणि तिथे वाळवीचं औषध मारून घ्या, कृषी केंद्रात मिळतं, त्यांनाच विचारा. ज्या पुस्तकांचं काहीच उरलं नाही तीही फेकू नका. पहिल्या पानावरचा दाखल क्रमांक वाचता येतोय तोवर तो उतरवून घ्या, यादी करा आणि चुलत सासऱ्यांबरोबरच्या त्या चहाच्या आधी कार्यकारिणीपुढे ठेवायच्या कागदांत ती घाला.

तुमचा,
आबा, धुळे